संपूर्ण भारतासाठी वैध

खंडारेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोथिंबीर निवडत होते आणि त्यांच्या कंबरेला रिव्हॉल्व्हर होतं.

दिल्लीतल्या आर. के. पुरमचा आठवडी बाजार, भर गर्दीची वेळ. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट पँटीत खोचलेला, पट्ट्याला झाकणाचं तपकिरी चामडी होल्स्टर आणि हातात कापडी पिशवी. जुडी नाकाशी नेऊन काका म्हणाले, "भैया, ये कल की है." भाजीवाल्यानं वर न बघताच उत्तर दिलं, "अंकलजी, बंदूक लाओगे तो भी दस की ही मिलेगी. आज की है." काकांनी ते म्हणणं मान्य केलं आणि जुडी पिशवीत टाकली. माझ्या शेजारी उभी असलेली यशोधरा म्हणाली, "हे माझे बाबा."

यशोधरा आणि मी गुडगावच्या एकाच ऑफिसात होतो. दोन वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो. बाबा सरकारी नोकरीत आहेत, मूळचे अकोल्याकडचे आहेत, शिस्तीचे आहेत, हे सगळं तिनं सांगितलं होतं. रिव्हॉल्व्हरचा उल्लेख एकदाही केला नव्हता. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "अरे यार, मला ते दिसतच नाही आता. बाबांचा चष्मा कुठं सांगितला होता मी तुला?"

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी मनातल्या मनात पगार, घर, आईवडील अशी उत्तरं जुळवत होतो. त्यांनी विचारलं, "आधारवर पत्ता कुठला आहे?"

"पुण्याचा."

"राहता कुठं?"

"गुडगावला. भाड्यानं."

"हे बरोबर नाही बावा," काका कळवळून म्हणाले. "माणूस एकीकडं, कागद दुसरीकडं. बदलून घ्या." मी पुढच्याच आठवड्यात बदलून घेतला. माझ्या प्रेमप्रकरणातलं ते पहिलं ठोस पाऊल.

काका केंद्र सरकारच्या एका खात्यात निरीक्षक होते. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका गोदामातून चोरून आणलेला माल पकडला. मग घरी फोन यायला लागले. फोनवरचा माणूस रोज सकाळी सव्वाआठला 'देख लेंगे' म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. खात्यानं शिफारस केली, परवाना झाला, काकांनी रिव्हॉल्व्हर घेतलं.

"मग त्या माणसाचं काय झालं?" मी विचारलं.

"गेला तो. शुगर होती, आणि जिलेबी सुटेना." काकांच्या आवाजात जरा हळहळही होती. "पण परवाना माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. तो गेला म्हणून हा रद्द होत नाही."

ते रिव्हॉल्व्हर आयुष्यात एकदाच उडालं होतं. घेताना, दुकानदाराच्या तळघरात, वाळूच्या पोत्यावर. काकांचे कान तीन दिवस वाजत होते. त्यानंतर दर रविवारी ते निगुतीनं पुसायचं, पुन्हा होल्स्टरमध्ये ठेवायचं आणि घराबाहेर पडताना पट्ट्याला लावायचं, एवढाच त्याचा उपयोग. मी एकदा म्हटलं, "काका, शर्टाच्या आत ठेवलं तर लोक बघणार नाहीत." काकांना ते लागलं. "लपवून नेलं तर माझ्यात आणि त्या फोनवाल्यात फरक काय राहिला? होल्स्टरमध्ये पाहिजे, झाकण बंद पाहिजे, हा नियम आहे. शर्टात घाला असं कुठं लिहिलेलं नाही. सरकारनं दिलं ते सरकारसारखं दिसलं पाहिजे."

कमलकाकूंची, म्हणजे यशोधराच्या आईची, भूमिका वेगळी होती. "यांच्या कंबरेला आहे तोवर मला बिल्कुल भीती नाही, कारण हे चालवणार नाहीत. कपाटात ठेवलं की मला झोप येत नाही." त्यामुळे ते घरात एकटं राहू शकत नव्हतं. आणि काकांचा परवाना फक्त दिल्लीपुरता होता. यातून त्या घराचे जे काही हाल झाले ते दिल्लीबाहेरच्या माणसाला समजायचे नाहीत. इथं फ्लायओव्हरवर एक वळण चुकलं तरी माणूस उत्तर प्रदेशात जातो. मावशी नोएडात, पुतण्या गाझियाबादला, मुलीचं ऑफिस हरियाणात. काकांसाठी ही तिन्ही ठिकाणं परदेश होती. दिल्लीत जे होल्स्टर होतं, तेच हद्दीची पाटी ओलांडली की गुन्हा होत होतं.

पुतण्याच्या मुलाच्या नामकरणाला मी त्यांच्याबरोबर होतो. कार्यक्रम गाझियाबादला. रविवार असल्यामुळे हत्यार जमा करून घेणारं दुकान बंद. आनंद विहारच्या पुढे, दिल्ली संपते तिथं, काकांनी गाडी थांबवायला लावली आणि शांतपणे उतरले. "तुम्ही व्हा पुढं. मी इथं आहे." आम्ही गेलो, वंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं झाली. मग पुतण्या, त्याची बायको, बाळ, बाळाची आत्या आणि लाडवांचा डबा अशी सगळी वरात परत हद्दीवर आली. काका एका बंद पानटपरीच्या सावलीत उभे होते. बाळाच्या आत्यानं त्यांच्यासाठी बाळाच्या कानात नाव पुन्हा एकदा सांगितलं. बस, रिक्षा, ट्रकचे भोंगे चालू होते, म्हणून तिला जवळजवळ ओरडावं लागलं. काकांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. पलीकडचा ट्रॅफिक पोलीस हे सगळं बघत होता. त्यालाही लाडू मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परवान्याची हद्द वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला. अर्जात कारण लिहावं लागतं. बाकीचे लोक धंदा, प्रवास, जिवाला धोका असं काहीतरी लिहितात. काकांनी लिहिलं, 'नातेवाईक.'

तो अर्ज तीन वर्षं फिरला. या अवधीत काका निवृत्त झाले, माझं आणि यशोधराचं ठरलं, आणि माझ्या पुण्याच्या घरी ते कळून तिथं एक लांबलचक शांतताही पसरली. माझे वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई घरी, आणि दोघांच्या वर सुमाआत्या, वडिलांची थोरली बहीण. कुणी नाही म्हणत नव्हतं. फोनवर 'बघू' म्हणत होते. आमच्याकडे 'बघू' हा शब्द मुलगी दुसऱ्या जातीची असली की वापरतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

अशात एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज चढलेला. "निखिल, झालं! मागच्या पानावर शिक्का आहे. संपूर्ण भारतासाठी वैध!" संध्याकाळी गेलो तर पूर्ण इमारतीत पेढे वाटून झाले होते. परवान्याचं मागचं पान त्यांनी मला दोनदा दाखवलं. मग म्हणाले, "आता पुण्याला जाऊ. तुमच्या आईवडिलांना भेटलं पाहिजे. इतके दिवस जाता येत नव्हतं."

मी घरी फोन केला. "यशोधराचे बाबा येतायत," मी म्हटलं.

"आणखी कोण?" आईनं विचारलं.

"तिची आई," मी म्हटलं. यापुढं माझी जीभ रेटेना.

आम्ही चौघं रेल्वेनं निघालो. काकांनी तिकिटं, परवाना आणि परवान्याच्या तीन साक्षांकित प्रती एका फायलीत लावल्या होत्या. कुणीतरी हटकेल या आशेनं ती फाईल मांडीवर. मथुरेपासून ग्वाल्हेरपर्यंत काकांची अशी काही बडदास्त राहिली की विचारू नका. खिडकीजवळची जागा सोडून एक गृहस्थ उठले. "फ़ौजी हैं?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "जी नहीं, निरीक्षक." तरी त्यांनी काकांना घरच्या पुऱ्या दिल्या आणि आपल्या घरी दोन बंदुका आहेत, भावाकडे तीन आहेत, असा कौटुंबिक परिचय करून दिला. पण भुसावळ ओलांडलं आणि हवा बदलली. समोर बसलेल्या मराठी कुटुंबानं होल्स्टर पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि आवाज न करता डबा, बाटल्या, दोन मुलं घेऊन ते दुसरीकडं बसायला गेले. चिवडा तेवढा विसरले.

मनमाडच्या अलीकडे शेवटी एक रेल्वे पोलीस आला. "काका, लायसन आहे ना?"

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी फाईल उघडली. पोलिसानं पहिल्या पानावर नजर टाकली आणि म्हणाला, "ठीक आहे."

"ठीक कसं आहे?" काका म्हणाले. "हे दिल्लीचं आहे. दिल्लीच्या परवान्यावर महाराष्ट्रात आणलं तर तुम्ही मला धरलं पाहिजे."

पोलीस गोंधळला. "मग धरू का?"

"मागचं पान बघा ना! शिक्का मागच्या पानावर आहे."

त्यानं मागचं पान पाहिलं. काकांनी त्याच्याकडून शिक्का मोठ्यानं वाचून घेतला. मग त्याला विसरलेला चिवडा दिला.

पुण्यात आमच्या घराची बेल मी वाजवली. दार माझ्या बाबांनी उघडलं. "या, या" म्हणताना त्यांची नजर काकांच्या चेहऱ्यावरून कंबरेवर घसरली आणि तिसरा 'या' घशातच राहिला. आत सगळे बसले. आईनं पोहे आणले. बशी काकांना देताना तिनं हात इतका लांब केला की खांद्यातून निखळेल असं वाटलं. काकांनी विचारलं, "प्रवास करून आलोय, पंखा लावू का?" आणि घरातली तीन माणसं एकदम बटणाकडं धावली.

सुमाआत्या सगळे प्रश्न तयार करून आली होती. तिनं एकही विचारला नाही. काका म्हणाले, "लग्न साध्या पद्धतीनं, नोंदणी करून." आत्या म्हणाली, "हो हो, उत्तम." काका म्हणाले, "दिल्लीला." आत्या म्हणाली, "अगदी योग्य." मग ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली आणि आईच्या कानाशी म्हणाली, "आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही गं." आमचं स्वयंपाकघर हॉलला लागूनच आहे. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी एकदा होल्स्टरकडं पाहिलं, जणू ते तिथं असल्याचं त्यांना इतक्या वर्षांनी कुणी सांगितलं. मग उठले. "साठेसाहेब, इथं जवळ पोलीस चौकी कुठं आहे?"

"कशाला?" बाबांचा आवाज चिरका निघाला.

"हे जमा करून येतो. असा होकार मला नको. माझी मुलगी आहे ही, खंडणी नाही."

बाबा त्यांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. कोपऱ्यावर असलेल्या चौकीत जाऊन यायला त्यांना अडीच तास लागले. काय झालं ते नंतर बाबा आयुष्यभर सांगत राहिले. हवालदारानं आधी विचारलं, "कुणावर चालवलं का?" काका म्हणाले, "नाही." "चालवणार होता?" "नाही." "मग आलात कशाला?" काका म्हणाले, "पोहे खायला आलो होतो." मग हवालदारानं पावती लिहायला घेतली. रिव्हॉल्व्हरचा नंबर चुकला. बाबांचा जन्म बँकेत फॉर्म तपासण्यात गेलेला, त्यांनी चूक दाखवली. पुन्हा लिहिलं, तर तारीख चुकली. ती काकांनी दाखवली. चौथ्या पावतीपर्यंत दोघं एकाच बाकावर एकमेकांना खेटून बसले होते आणि हवालदाराच्या अक्षराबद्दल त्यांचं पूर्ण एकमत झालं होतं. घरी परतले तेव्हा बाबा त्यांना 'दौलतराव' म्हणत होते.

काका पुन्हा त्याच खुर्चीत बसले. आता त्यांच्या पट्ट्याला काही नव्हतं. "ताई," ते आत्याला म्हणाले, "आता बोला. मनात असेल ते सगळं बोला."

आत्या धीट बाई. ती बोलली. "मुलगी गोड आहे. तुम्हीही सज्जन दिसता. पण जात वेगळी. आमच्याकडे असं कधी झालं नाही. लिहिलेलं नसतं हो कुठं, पण समाजात काही गोष्टी असतात."

यशोधरानं माझ्याकडं पाहिलं नाही. मला मान वर करायची लाज वाटत होती.

काका चिडले नाहीत. "तेच सांगतो ताई," ते म्हणाले. "माझ्या वडिलांना गावात कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठल्या नाही, हे ठरलेलं होतं. कुठली विहीर, कुणाच्या ओट्यापासून किती लांब. यातलं काही लिहिलेलं नव्हतं, पण अख्ख्या गावाला पाठ होतं. लिहिलेलं नसलं की माणूस भांडणार कशाशी? म्हणून मला लिहिलेलं आवडतं. लोक हसतात मला, कागद कागद करतो म्हणून. पण त्या मागच्या पानावर लिहिलंय की मी या देशात कुठंही जाऊ शकतो. माझ्या बापाला कुणी असं लिहून दिलं नव्हतं. बंदूक राहू द्या चौकीत. मला ते पान तुम्हाला दाखवायचं होतं."

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. तेव्हा यशोधरा म्हणाली, "आत्या, नाही म्हणायचं असेल तर आजच म्हणा. उद्या बाबांना सामान परत मिळणार आहे."

आधी आत्या हसली. मग बाबा. मग आईला हसू आवरेना, ती डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "पोहे गार झाले सगळे. पुन्हा करते. यशोधरा, ये गं आत, तुमच्याकडे तिखट किती चालतं?" दिल्लीच्या लग्नाला आत्यानं सगळ्यांत आधी तिकीट काढलं, आणि जाताना मला म्हणाली, "होकार मी त्या माणसाला दिलाय, तुला नाही."

लग्नाच्या चार दिवस आधीच काकांनी रिव्हॉल्व्हर दुकानात जमा केलं. लग्नसमारंभात हत्यार न्यायचं नाही, हा नियम. संध्याकाळचा स्वागतसमारंभ गाझियाबादच्या एका लॉनवर होता, आणि भिंतीपलीकडच्या लॉनमध्ये दुसरी वरात आली. त्यातल्या एका दांडगट पाहुण्यानं पिस्तूल काढून हवेत दोन बार उडवले. आमच्याकडची मुलं रडायला लागली. मी यशोधराला आडोशाला नेतोय तोवर काका, डोक्याला फेटा, गळ्यात हार, भिंतीच्या फटीतून पलीकडे गेले होते. रिकाम्या हातांनी. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ते त्या माणसासमोर उभे होते. "लाइसेंस दिखाइए."

"आप कौन?"

"लड़की का बाप. लाइसेंस दिखाइए. पीछे का पन्ना."

तो माणूस त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. पण इतक्या सवयीनं कागद मागणारा माणूस कुणीतरी असणारच, असं त्याला वाटलं असावं. त्यानं पिस्तूल खिशात घातलं आणि "सॉरी अंकलजी" म्हणाला. परत येताना काका माझ्या खांद्याला धरून चालले. "कमलला सांगू नको," ते म्हणाले.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्याआधी वर्षभर त्यांचे हात कापायला लागले होते. चहाची बशी वाजायची. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "हात कापतो त्याच्याकडे हे असू नये. नियमात नसलं तरी." आम्ही गाडीनं जाऊन रिव्हॉल्व्हर आणि परवाना, दोन्ही कायमचे परत केले. तिथला कारकून म्हणाला, "वापस करने का फ़ॉर्म... कोई करता नहीं है ना," आणि अर्धा तास कपाटं उघडत राहिला. काकांनी सही केली. ती वेडीवाकडी आली म्हणून दुसरा फॉर्म मागितला आणि पुन्हा केली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "गाडी राहू दे इथंच. मेट्रोनं जाऊ." ते मेट्रोत कधी बसलेच नव्हते; हत्यार चालत नाही. स्टेशनवर जवानानं त्यांच्या अंगावरून यंत्र फिरवलं आणि मान हलवून पुढं जायला सांगितलं. काका जागचे हलेनात. त्यांना वाटलं आणखी काही विचारतील. मी कोपराला धरून पुढं नेलं.

डब्यात शिरताच कॉलेजातली एक मुलगी चटकन उठून उभी राहिली. काका घाबरले. पट्ट्याला काहीच नसताना कुणी जागा देण्याची त्यांना सवय नव्हती. "का उठली ती?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"तुमचं वय बघून. या जागा वयस्कर माणसांसाठी असतात. तसं लिहिलंय वर."

काकांनी मान वर करून ते पूर्ण वाचलं. हिंदीत, मग इंग्रजीत. मग सावकाश टेकले, दोन्ही थरथरते हात मांडीवर ठेवले आणि खूप समाधानानं म्हणाले, "हे बरं आहे. याचं नूतनीकरण करावं लागत नाही."